प्रिंटर अडला म्हणजे बिघडलाच असे नाही



शेतीच्या पानावर प्रिंटरचे काय काम, असे तुम्हाला वाटेल. पण गेल्या वर्षभरात तुमच्या हाताखालून किती छापील कागद गेले ते जरा आठवून पाहा. सातबारा, आठ-अ, पीक विम्याची पावती, सोसायटीच्या कर्जाचे कागद, ठिबकच्या अनुदानाची कागदपत्रे, पोराच्या कॉलेजसाठी उत्पन्नाचा दाखला. पूर्वी तलाठी भाऊसाहेब सातबारा हाताने लिहून देत. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंदही शेतकरी स्वतः मोबाईलवर करू लागला. काम मोबाईलवर आले खरे, पण बँकेत किंवा कचेरीत गेल्यावर पहिला प्रश्न अजून तोच असतो, 'कागद आणलाय का?' आणि तो कागद गावातल्या सेवा केंद्राच्या, ग्रामपंचायतीच्या नाहीतर दूध डेअरीच्या प्रिंटरातून बाहेर पडतो.

हे यंत्र नेमके मुदतीच्या शेवटच्या दिवशी अडून बसते. मग रांगेतल्या माणसाचा दिवस मोडतो, मजुरीचा खाडा होतो, तालुक्याला जायचे एसटीचे भाडे अंगावर पडते. केंद्र चालवणाऱ्या पोराचा धंदा बुडतो आणि वर शिव्याही त्यालाच खाव्या लागतात.

गावोगाव फिरताना असे अडलेले प्रिंटर मला बरेच दिसतात. "सायेब, मशीन गेलं बघा, आता तालुक्यालाच न्यावं लागतंय," असे ऐकायला मिळते. पण नीट पाहिले तर बहुतेक वेळा यंत्राचा काही दोष नसतो. कागद सर्दावलेला असतो, आत धूळ बसलेली असते, वीज नीट नसते किंवा संगणकात एखादी खूण चुकून पडलेली असते. हे चार दोष घरच्या घरी निघतात. त्यासाठी मेकॅनिकला पैसे मोजायचे कारण नाही. सेवा केंद्र चालवणारे तरुण, बचत गटाच्या ताई, शेतकरी कंपन्यांच्या कचेऱ्या आणि घरी प्रिंटर घेतलेली मंडळी, या सर्वांसाठी ही माहिती देत आहे.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा

विहिरीवरची मोटर पाणी देईना तर आपण लगेच ती वर काढत नाही. आधी तिन्ही फेज आहेत का ते पाहतो, मग स्टार्टर पाहतो, मग फुटव्हॉल्व्हमधून पाणी उतरले का ते तपासतो. बिनखर्चाच्या गोष्टी आधी, खर्चाच्या नंतर. प्रिंटरलाही हाच क्रम लावावा.

पहिला प्रश्न एकच. दोष प्रिंटरात आहे की संगणकात? ज्या प्रिंटरवर झेरॉक्सही निघते, त्याच्या काचेवर एक छापील कागद ठेवा आणि संगणकाला हात न लावता प्रिंटरचेच कॉपीचे बटन दाबा. झेरॉक्स स्वच्छ निघाली तर यंत्र धडधाकट आहे. दोष केबल, वायफाय किंवा संगणकात शोधावा. झेरॉक्सही निघाली नाही किंवा फिकी निघाली, तर दोष यंत्रात, शाईत किंवा कागदात आहे. ज्या प्रिंटरला झेरॉक्सची सोय नाही, त्यातल्या बहुतेकांना स्वतःचे चाचणी-पान काढता येते. त्यासाठी कोणते बटन दाबायचे ते सोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते. ती पुस्तिका रद्दीत घालू नका.

या एका चाचणीने निम्मे काम होते. ती न करताच काही जण काट्रिज बदलतात, शाई भरतात, आणि शेवटी केबल ढिली निघते.

कागद अडकतो किंवा ओढलाच जात नाही

आपल्या सातारा जिल्ह्याचे हवामान प्रिंटरला दोन्ही बाजूंनी छळते. पश्चिमेला महाबळेश्वर, जावळी, पाटणला पावसाळ्यात भिंतीसुद्धा घाम धरतात. पूर्वेला माण-खटावला वाऱ्याबरोबर फुफाटा घरात येतो. पश्चिमेला कागद सर्दावतो, तर पूर्वेला रोलरवर धूळ बसते.

कागदाचा स्वभाव धान्यासारखा आहे. उघडा ठेवला तर तो हवेतली ओल ओढून घेतो. ओल आली की एकाला एक पान चिकटते, दोन-तीन पाने एकदम आत जातात, कडा मुडपतात आणि कागद अडकतो. म्हणून ५०० कागदांचे रीम फोडल्यावर लागतील तेवढीच पाने ट्रेमध्ये घालावीत. उरलेली त्याच वेष्टनात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत किंवा झाकणाच्या डब्यात ठेवावीत. रीम जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नये. सर्दावलेला कागद उन्हात वाळवण्याचा उद्योगही करू नये. तो वाकडा होतो आणि आणखी अडकतो.

ट्रेमध्ये घालण्यापूर्वी पाने हातात धरून पत्त्यांसारखी फिरवून मोकळी करा, मग टेबलावर आपटून कडा सारख्या करा. ट्रेच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कागदाला नुसत्या टेकतील अशा लावा. सैल असतील तर कागद तिरका जातो, फार घट्ट असतील तर तो ओढला जात नाही. रोजच्या कामाला ७५ किंवा ८० जीएसएमचा कागद चांगला. ७५ जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे वजन ७५ ग्रॅम. या कागदाचे ए-फोर आकाराचे ५०० पानांचे रीम साधारण २ किलो ३४० ग्रॅम भरते. रीम फारच हलके लागले तर कागद पातळ आहे किंवा पाने कमी आहेत, असे समजावे.

आपल्याकडे पाठकोरा कागद वापरायची सवय आहे. काटकसर चांगलीच, पण पाठकोऱ्या कागदात स्टेपलरची पिन राहिली तर ती आतला ड्रम किंवा रोलर ओरखडते आणि वाचवलेल्या कागदाच्या कित्येक पट खर्च अंगावर येतो. घडी पडलेला, कोपरा दुमडलेला कागदही घालू नये. शिवाय ज्या कागदावर कोणाचा आधार क्रमांक किंवा बँकेचा खातेक्रमांक छापलेला आहे, तो पाठकोरा म्हणून न वापरता फाडून टाकावा.

कागद अडकलाच तर आधी प्रिंटर बंद करा. मग झाकण उघडून दोन्ही हातांनी, हळूहळू, शक्यतो कागद ज्या दिशेने पुढे जात होता त्याच दिशेने ओढा. हिसका देऊ नका. फाटलाच तर तुकडे जुळवून पाहा. बोटाच्या नखाएवढा तुकडा आत राहिला तरी पुढचा प्रत्येक कागद तिथेच अडतो. लेसर प्रिंटरच्या मागच्या भागात कागद भाजून काढणारा गरम रोलर असतो. तो २०० अंशांच्या आसपास तापतो. म्हणून तिथे हात घालण्यापूर्वी अर्धा तास थांबावे.

कागद कोरडा आहे, पट्ट्या नीट आहेत, तरीही यंत्र नुसते घरघर करते आणि कागद घेत नाही, तर कागद ओढणारा रबरी रोलर धुळीने गुळगुळीत झालेला असतो. प्रिंटर बंद करून, पिन काढून, स्वच्छ सुती कापड पाण्यात भिजवून घट्ट पिळावे आणि रोलर फिरवत फिरवत पुसावा. वाळल्यावर प्रिंटर चालू करावा. पेट्रोल किंवा थिनर लावू नये, रबर खराब होते.

संगणक म्हणतो 'ऑफलाइन'

झेरॉक्स निघते पण संगणकावरून छपाई होत नाही, अशी तक्रार सर्वांत जास्त. इथे खालच्या क्रमाने जावे.

१. केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवा. वायफायचा प्रिंटर असेल तर प्रिंटर आणि संगणक एकाच राउटरला जोडलेले आहेत का ते पाहा. पुष्कळ प्रिंटरांना २.४ गिगाहर्ट्झचेच वायफाय चालते. राउटरवर ५ गिगाहर्ट्झचे वेगळे नाव दिसत असेल तर प्रिंटर त्याला जोडू नका.

२. प्रिंटर, संगणक आणि राउटर तिन्ही बंद करा. आधी राउटर, मग प्रिंटर, शेवटी संगणक चालू करा.

३. संगणकातील प्रिंटरांची यादी उघडा. एकाच प्रिंटरचे नाव दोनदा दिसते का? केबल दुसऱ्या भोकात घातली की विंडोज कधीकधी 'कॉपी १' नावाने नवा प्रिंटर धरते आणि छपाई जुन्या नावाकडे जात राहते. जो चालू आहे त्याला 'डिफॉल्ट' करा. विंडोजला स्वतःच डिफॉल्ट प्रिंटर ठरवण्याची मुभा दिलेली असेल तर ती काढून घ्या, नाहीतर शेवटी जो वापरला तोच डिफॉल्ट होतो.

४. प्रिंटरच्या रांगेची खिडकी उघडून 'पॉज प्रिंटिंग' किंवा 'यूज प्रिंटर ऑफलाइन' यापुढे टिकमार्क आहे का पाहा. असेल तर काढा.

५. रांगेत एखादे काम अडून बसले की मागची सगळी अडतात. छपाई होईना म्हणून एकच सातबारा दहादा पाठवला, तर यंत्र सुरू झाल्यावर दहा प्रती निघतात आणि कागद वाया जातो. रांगेतली सगळी कामे रद्द करा. रद्द होत नसतील तर 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन 'प्रिंट स्पूलर' रीस्टार्ट करा, किंवा संगणकच बंद करून पुन्हा चालू करा.

छपाई फिकी येते, रेघा येतात

आधी आपला प्रिंटर कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. शाईचा, म्हणजे इंकजेट किंवा इंकटँक, की पावडरचा, म्हणजे लेसर? दोघांचे उपचार वेगळे आहेत. दोघांनाही पहिला प्रश्न मात्र सारखाच विचारा. छपाईच्या सेटिंगमध्ये 'ड्राफ्ट' किंवा 'टोनर सेव्ह' चालू राहिले आहे का?

शाईचा प्रिंटर ठिबक संचासारखा आहे. त्याच्या हेडला केसाहून बारीक भोके असतात. ठिबकच्या ड्रिपरमध्ये क्षार धरावा तशी या भोकांत शाई सुकते. अक्षरांत पांढऱ्या रेघा दिसू लागतात, एखादा रंगच येत नाही. प्रिंटरमध्ये 'नोझल चेक' आणि 'हेड क्लीनिंग' अशी दोन कामे दिलेली असतात. आधी नोझल चेकचे पान काढा. रेघा तुटक आल्या तर एकदा क्लीनिंग करा, पुन्हा चेक करा. फार तर दोन-तीन वेळा. तरीही फरक नसेल तर प्रिंटर रात्रभर बंद ठेवून सकाळी पुन्हा पाहा. एकामागून एक दहादा क्लीनिंग केल्याने शाई तर जातेच, शिवाय धुतलेली शाई शोषून घेणारी आतली गादी भरते आणि ती भरली की प्रिंटर कामच थांबवतो. फवारणी पंपाच्या नोझलमध्ये तार खुपसू नका असे आम्ही नेहमी सांगतो, तेच इथेही. हेडला सुई किंवा पिन लावू नये.

शाई सुकण्याचे मोठे कारण आपल्याच सवयीत आहे. काम झाले की भिंतीवरचे बटन खटकन बंद करायचे. प्रिंटरच्या स्वतःच्या बटनाने तो बंद केला तर हेड आपल्या जागी जाऊन त्यावर झाकण बसते. वीज एकदम तोडली तर हेड मध्येच उघडे राहते आणि शाई वाळते. म्हणून आधी प्रिंटरचे बटन, तो पूर्ण थांबल्यावर भिंतीचे.

टाकीच्या प्रिंटरमध्ये शाई खालच्या रेघेच्या खाली जाऊ देऊ नये, नळीत हवा शिरते. कंपनीने त्या मॉडेलसाठी सांगितलेलीच शाई भरावी. ज्याची टाकी त्याचाच रंग. भरलेला प्रिंटर मोटारसायकलवरून आडवा करून नेऊ नये.

लेसर प्रिंटरमध्ये शाई नसते, प्लास्टिकची बारीक पावडर असते. छपाई एका बाजूला फिकी आली तर टोनर काट्रिज काढून, आडवे धरून, चाळणी हलवावी तसे पाच-सहा वेळा हलके हलवा. आणखी काही पाने नक्की निघतात. तेवढ्यात नवे काट्रिज मागवा. काट्रिज उन्हात किंवा उजेडात उघडे ठेवू नये, आतला ड्रम खराब होतो. ते कापडाने झाकून ठेवावे.

पानावर ठराविक अंतराने तोच ठिपका पुन्हा पुन्हा येत असेल तर ड्रमवर किंवा एखाद्या रोलरवर डाग वा ओरखडा आहे. वरपासून खालपर्यंत सरळ काळी रेघ येत असेल तर काट्रिज झिजले असण्याचा संभव असतो. रेघ फक्त झेरॉक्समध्ये येते आणि संगणकावरच्या छपाईत येत नाही, तर दोष काचेचा आहे. काच पुसा, काम होईल. अक्षरे बोटाने पुसली जात असतील तर कागद ओला किंवा जाड आहे, नाहीतर गरम रोलर पुरेसा तापत नाही. कोरडा कागद घालून पाहा. तरीही पुसली गेली तर मात्र मेकॅनिकचे काम.

पावडर अंगावर सांडली तर गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने ती चिकटून बसते. सांडलेली पावडर फुंकू नका, ओल्या कापडाने टिपून घ्या.

वीज आणि उंदीर

लेसर प्रिंटरचा गरम रोलर तापताना वीज एकदम जास्त ओढतो. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच भार घेतो. लेसर प्रिंटर त्याला जोडला की यूपीएस ओरडतो, बंद पडतो आणि संगणकावरचे काम जाते. म्हणून संगणक यूपीएसवर ठेवा, लेसर प्रिंटर भिंतीच्या प्लगवर. शाईचा प्रिंटर कमी वीज घेतो.

ज्या गावात शेतीपंपांचा फीडर वेगळा नाही, तिथे लाइट आल्याबरोबर शिवारातल्या मोटारी एकदम सुरू होतात आणि दाब खालीवर होतो. अशा वेळी पाच-दहा मिनिटे थांबून मग प्रिंटर चालू करावा. चांगला स्टॅबिलायझर असेल तर उत्तम. यंत्राच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही असे समजा आणि आधी वायरमनला बोलवा. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की पिनच काढून ठेवा.

रात्री यंत्र उबदार असते. उंदीर, झुरळे आणि पाली तिथे आसरा घेतात. जेवणाचा डबा प्रिंटरशेजारी ठेवू नका. देवाच्या फोटोखाली प्रिंटर ठेवला असेल तर जागा बदला, उदबत्तीची राख थेट आत पडते. पिठाच्या गिरणीशेजारी केंद्र असेल तर रोजच पुसणे आले. काम संपून यंत्र थंड झाल्यावर सुती कापडाने झाकावे.

मराठी अक्षरांचे चौकोन होतात

पडद्यावर सातबारा नीट दिसतो आणि कागदावर चौकोन किंवा भलतीच चिन्हे येतात. अशा वेळी पीडीएफ छापताना 'ॲडव्हान्स्ड'मध्ये जाऊन 'प्रिंट ॲज इमेज' निवडा. पान जरा सावकाश निघेल, पण अक्षरे जशीच्या तशी येतील. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली तरी असेच होते. म्हणून अर्ज युनिकोडमध्ये टाइप करावेत किंवा पीडीएफ करूनच पाठवावेत.

ट्रेमध्ये कागद भरलेला असूनही प्रिंटर 'कागद घाला' म्हणतो, त्याचे कारण बहुधा आकार. संगणकात 'लेटर' निवडलेले असते आणि ट्रेमध्ये ए-फोर. लेटर २१६ बाय २७९ मिलिमीटर, ए-फोर २१० बाय २९७. सेटिंगमध्ये ए-फोर करा. कडा कापल्या जात असतील तर 'फिट' निवडा. डिजिटल सातबाऱ्यावरचा पडताळणी क्रमांक कापला गेला तर कचेरीत तपासणी अडते.

मुदतीच्या आधी

पेरणीपूर्वी आपण बियाण्याची उगवणक्षमता तपासतो, पेरल्यावर नाही. तसेच मुदतीच्या आठवडाभर आधी केंद्रचालकांनी चाचणी-पान काढावे आणि एक जादा काट्रिज, एक कोरडे रीम घरात ठेवावे. शाईचा प्रिंटर कमी चालत असेल तर दर बाजाराच्या दिवशी एक रंगीत पान काढायचा नेम ठेवा. प्रिंटरजवळ एक वही टांगा. शाई कधी भरली, काट्रिज कधी बदलले, काय बिघडले, कोणी काय केले, ते लिहा. यंत्राला मेकॅनिकची गरज पडलीच, तर वही पाहून त्याला दोष लवकर सापडेल आणि चांगला भाग बदलल्याचे बिल तुमच्या माथी बसणार नाही. जळका वास, धूर किंवा आतून खडखड आवाज आला तर मात्र घरी प्रयोग करू नका. पिन काढा आणि जाणकाराकडे न्या.

आणि ज्यांच्याकडे प्रिंटर नाही, नुसती रांग आहे, त्या बंधू-भगिनींनीही एवढे करावे. दाखल्याची पीडीएफ आपल्या मोबाईलमध्ये ठेवून घ्यावी, म्हणजे एका ठिकाणचे यंत्र अडले तरी दुसरीकडे छापता येते. कागद हातात पडल्यावर तिथेच उजेडात धरून पाहावा. नाव, गट नंबर, क्षेत्र, खालचा पडताळणी क्रमांक, सगळे वाचता येते ना, याची खात्री करूनच पैसे द्यावेत. तालुक्याला पोहोचल्यावर अक्षर फिके निघाले, तर परत यायला दुसरा दिवस मोडतो.